चिंबोरीच्या पोटाचं झाकण

कोरेगावच्या स्टँडवर मुंबईच्या गाडीत चढताना कंडक्टरनं माझं पोतं अडवलं. पोत्याच्या तोंडातून एक लालभडक नांगी बाहेर आली होती, चांगली हातभर लांब.

"आजी, काय आहे हे?"

"खेकडा," मी म्हटलं.

"जिवंत?"

"अजून नाही. परवा होईल."

त्याला काय कळलं कोण जाणे, पण पोतं त्यानं माझ्या शेजारच्या सीटवर ठेवू दिलं आणि पुण्यापर्यंत तिथं कुणी बसलं नाही. बाकी प्रवासाचं सांगत नाही, गाडीतलं बसणं सगळीकडे सारखंच. घाट उतरला, अंगातला स्वेटर काढावासा वाटला, की समजायचं पनवेल आलं.

परत आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, पनवेलला जाऊन काय बघितलं? किल्ला? देऊळ? मी म्हणते, तीन शाळा बघितल्या. मग त्या एकमेकींकडे बघतात. म्हणून हे लिहून काढते. मी शिवणकाम करणारी बाई, शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन दुकानात येणाऱ्या रद्दीवर झालं, त्यामुळे लिहिण्यात बोलणं शिरतं, ते चालवून घ्या.

वैशाली माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. कामोठ्यात एका क्लासमध्ये गणित शिकवायची. दिवाळीनंतर तिनं ती नोकरी सोडली आणि पहिली ते चौथीच्या मुलांसाठी नाटक बसवलं. नाटकात माणसं दोनच. ही चिंबोरी होते, आणि फिरोज नावाचा पनवेलचाच एक मुलगा बाकी सगळं होतो: बिल्डर, वॉचमन, बगळा, शिवाय ढोलकीही तोच वाजवतो. चिंबोरी म्हणजे खेकडा, तिकडचा शब्द. पोशाख शिवायचं काम माझ्याकडे आलं. फिरोजनं मासळी बाजारातल्या एका चिंबोरीचा वरून-खालून फोटो काढून पाठवला आणि त्यावरून मी शिवला. फोटोतली काळपट हिरवी होती. म्हटलं, पोरांना हा असला मळका रंग काय आवडणार? मी लाल कापड घेतलं.

आता मुद्द्याचं. नाटकाचे तीन प्रयोग ठरले होते, विचुंबे, कामोठे आणि नेरे. खरी परीक्षा शेवटच्या नेऱ्याची. तिथं त्या दिवशी आसपासच्या अकरा सरकारी शाळांचे शिक्षक बैठकीला येणार होते आणि त्यांच्यावर देखरेख करणारे केंद्रप्रमुख घरतसरही. त्यांना पटलं तर अकराही शाळांत नाटक. नाही पटलं तर वैशाली परत क्लासमध्ये. क्लासच्या सरांनी तिची जागा शनिवारपर्यंत राखली होती. नेऱ्याचा प्रयोग गुरुवारी.

विचुंबे

वैशालीचं घर विचुंब्याला, नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. गॅलरीतून एकीकडे इमारती, दुसरीकडे अजून थोडं शेत, आणि लांब डोंगरांची निळी रांग. नाटक तिला याच इमारतीत सुचलं. एके दिवशी लिफ्टपुढे एक चिंबोरी उभी होती म्हणे, दोन्ही नांग्या वर करून, जणू आधी तिलाच जायचं होतं. वॉचमन झाडू घेऊन मागे लागला. वैशालीला वाटलं, ही बिचारी आपली जुनी जागा शोधत आली असेल आणि तिच्या जागेवर आमचं पार्किंग. झालं नाटक! घर हरवलेली चिंबोरी दारोदार जागा मागत फिरते. पोटाशी तिची पिल्लं आहेत.

रात्री तिनं तांदळाची भाकरी केली. आमच्याकडे ज्वारीची भाकरी तव्यावर पडली की आवाज होतो. ही पांढरीशुभ्र, मऊ, हाताला लागतसुद्धा नाही. चार खाल्ल्या तरी जेवल्यासारखं वाटेना. पहाटे मात्र पोट कसं हलकं.

मला वाटलं होतं नाटक म्हणजे पडदा, अंधार, घंटा. इथं तसलं काही नाही. शाळेच्या हॉलमध्ये दिवसाउजेडी, मुलं सतरंजीवर, पहिली रांग हाताच्या अंतरावर. वैशाली साध्या सलवार-कमीजमध्ये पुढे आली आणि मुलांच्या देखतच तिनं पोशाख चढवला. आधी पाय, मग पाठ, शेवटी नांग्या. फिरोज मला हळूच म्हणाला, "मावशी, एकदम तयार होऊन आली ना, तर पहिलीतली पोरं रडतात. त्यांना आत ताई दिसली पाहिजे." आणि गंमत बघा, आत ताई आहे हे डोळ्यांनी बघूनसुद्धा नांग्या हलल्याबरोबर पहिली रांग मागे सरकली. माझ्या अंगावर काटा आला. ते पोतं माझ्या शेजारी बसून आलं होतं ना!

दहा मिनिटं छान गेली. मग चष्मेवाली एक मुलगी बोट वर करून उभीच राहिली. "टीचर, खेकड्याला नांग्या धरून दहा पाय असतात. हिला आठच आहेत."

सगळ्या हॉलनं मोठ्यानं पाय मोजले. आठच. फोटोत मागचे दोन अंगाखाली दुमडलेले असणार, मला काय ठाऊक! वैशालीचं पुढचं वाक्य गेलं. नुसती उभी. फिरोजनं ढोलकीवर थाप मारली आणि म्हणाला, "दोन रिक्षात राहिले! गर्दीच एवढी होती!" मुलं हसली, नाटक पुढे सरकलं. पण वैशालीचं लक्ष उडालं ते उडालंच.

घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता ती म्हणाली, "मावशी, नेऱ्याला असं झालं तर संपलं. घरतसरांनी फोनवर काय सांगितलंय माहीत आहे? मुलं शेवटपर्यंत जागची हलली नाहीत, तरच मी ते चांगलं नाटक म्हणेन."

मी दुपारीच लाल कापड काढलं आणि दोन पाय शिवले. पुरे दहा. म्हटलं, आता काढा चूक.

कामोठे

कामोठ्याला शाळेच्या वाटेवरच तो क्लास लागला. एका रांगेत किराणा, मोबाईलचं दुकान, वर क्लासची पाटी. सर दारातच होते. "वैशाली, शनिवारपर्यंत सांग हं," एवढंच म्हणाले. माणूस वाईट नाही. वाईट असता तर तिला सोपं गेलं असतं.

ही शाळा मोठी, मुलं इस्त्रीच्या कपड्यांत. ओळीत आली, ओळीत बसली, तोंडावर बोट. दोन बाई मधून फिरत होत्या. चिंबोरी आली, शांतता. बगळा आला, शांतता. वॉचमननं काठीनं चिंबोरी उलथून पाडली, ती उताणी पडून दहा पाय हलवायला लागली, तरी शांतता. फक्त पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीनं पटकन आपले पाय पोटाशी घेतले आणि बाजूची जागा हातानं पुसली. चिंबोरीला जागा करून दिली तिनं. लगेच बाईंनी तिला सरळ बसवलं.

शेवटी एक-दोन-तीन मोजून टाळ्या.

"बघ मावशी, एक शब्द चुकला नाही!" वैशाली खूश. "नेऱ्याला अस्संच झालं पाहिजे."

आमच्या जत्रेत एखादा नट चुकला तर लोक शिट्ट्या मारतात, टोपी उडवतात. तेही बरं नव्हे. पण जिवंत माणसांपुढे नाटक केलं आणि फोटोपुढे केलं, यात काही फरक नको का?

बाहेर पायरीवर बसून फिरोजच्या अम्मीनं दिलेला डबा खाल्ला. सांदणं म्हणतात. दिसायला इडलीची बहीण, पण गोडसर, नारळाच्या दुधात बुडवून खायची. फिरोज म्हणाला, "खा मावशी, तुम्ही माळकरी म्हणून अम्मीनं वेगळ्या भांड्यात केलीत." न बघितलेल्या बाईनं माझी एवढी काळजी करावी! मी डब्यातून मेतकुटाची पुडी परत पाठवली. रिकामा डबा द्यायचा नसतो, हे तिकडेही आणि इकडेही सारखंच.

नेरे

गुरुवारी सकाळी नेऱ्याला. गाव सोडून बाहेर पडलं की डोंगर एकदम अंगावर येतो. शेतात वालाच्या शेंगा भरलेल्या, आंब्याला मोहर. शाळा बैठी, लांब पडवीची. मुख्याध्यापक म्हात्रेबाई, गोऱ्या, ठसठशीत, हातात चाव्यांचा जुडगा. मला बघून म्हणाल्या, "मावशी, तुमी खुर्चीवर बसा, खाली वारा लागंल." शिक्षकांच्या दोन रांगा मागे खुर्च्यांवर, मधोमध घरतसर. बारीक माणूस, मांडीवर वही, चेहऱ्यावर काही नाही.

वैशालीनं पाय चढवले, पाठ चढवली, नांग्या घातल्या. पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडते, तोच मागच्या रांगेतून आवाज:

"बाई, ही तं शिजलेली हाय!"

सगळी पडवी फुटली. मला कळेना. शेजारी बसलेल्या म्हात्रेबाई तोंडावर पदर धरून हसत होत्या. "अवो मावशी, जिती चिंबोरी काली-हिरवी. लाल होते ती टोपात!"

म्हणजे मी घर शोधायला निघालेली चिंबोरी कालवणातून काढून आणली होती. घरतसरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

वैशालीचा चेहरा तिच्या पोशाखासारखा झाला. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली. प्रांजल तिचं नाव, नंतर कळलं. दुसरीतली, पुढचे दोन दात गायब. तिनं वळून त्या ओरडणाऱ्या पोराला झापलं: "ए गप रे! घर नाय ना तिला, उनात फिरते. भाजली ती."

पोरं गप्प. हे सगळ्यांना पटलं. वैशालीनंही ते झेललं. "हो गं बाई," ती चिंबोरीच्या आवाजात म्हणाली, "पाठ बघ कशी पोळलीय." आणि नाटक सुरू झालं.

मग आला वॉचमन. काठी लावली, चिंबोरी उताणी. पोट वर. आणि काय सांगू, एकदोघं नाही, सगळीच्या सगळी शाळा उभी राहिली.

"नर हाय! यो नर हाय!"

"मादी नाय ही!"

"नराच्या पोटाला पिल्लं कुठं आसतात?"

मला काही उमगेना, तुम्हालाही उमगलं नसेल. तर ऐका. खेकड्याच्या पोटावर एक झाकण असतं. नराचं अरुंद, टोकदार. मादीचं रुंद, गोल, कारण त्याच्याखाली ती पिल्लं सांभाळते. ओढ्यात हात घालून खेकडे धरणाऱ्या पोरांना हे चालता बोलता कळतं. फिरोजनं बाजारातून फोटो काढला तो सगळ्यात मोठ्या नांग्यांच्या खेकड्याचा. मोठ्या नांग्या नराच्या. आणि मी बघून हुबेहूब शिवला, टोकदार झाकणासकट! मी माळकरी घरातली, वैशाली त्याच घरातली, आणि फिरोजच्या घरी मासळी रोज, पण चिंबोरी त्याचे अब्बा आणू देत नाहीत. तीन माणसांनी चिंबोरीचं नाटक केलं आणि त्या एका फोटोपलीकडे तिघांपैकी एकानंही कधी ती उलटी करून बघितली नव्हती.

वैशाली पाठीवर पडलेली, तिला एकटीला उठताही येईना. पोरं पुढे सरकलेली. शिक्षक "बसा, बसा" करत उठले. घरतसरांची वही बंद झाली. माझ्या मनात आलं, गेलं. शनिवार आला.

तेवढ्यात प्रांजल चिंबोरीजवळ येऊन वाकली. तिनं ते टोकदार झाकण चिमटीत धरून बघितलं. ती हसत नव्हती. "एवढ्याशात पिल्लं मावायची नाय," म्हणाली. "पडतील ना."

हे ऐकल्यावर मला खुर्चीवर बसवेना. मी उठून पुढे गेले. वैशालीनं खालूनच डोळे मोठे केले, "मावशी, बस खाली!" पण मी कसली ऐकते.

"पोरांनो, हिची चूक नाही," मी म्हटलं. "हे मी शिवलंय. मी लांबची, मला चिंबोरी माहीत नाही. कसं असतं ते दाखवा, मी आत्ता शिवते."

कुणीतरी खडू आणला. प्रांजलनं फरशीवर आकार काढला. "आजून रुंद!" चौथीतला एक म्हणाला आणि त्यानं पुसून मोठा काढला. त्यांच्यात भांडण. शेवटी म्हात्रेबाईंनी येऊन दोन्हींच्या मधला काढला. आता कापड? माझ्या पिशवीत सुईदोरा असतोच, पण कापड एकच: वैशालीची ओटी भरायला आणलेला हिरवा खण, लाल काठाचा. निघताना मुलीची ओटी भरल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. दोन क्षण हात थांबला. मग कात्री घातली.

तिथंच मांडी घालून मी शिवायला बसले. लांब लांब टाके. वरची बाजू उघडी ठेवली, पिल्लं आत जायला. फिरोजनं हलक्या हातानं ढोलकी धरली. आणि तेवढ्या वेळात पोरांनी सगळ्या शिक्षकांना शिकवणी दिली: चिंबोरी डेंग्याशी न जाता मागून कशी धरायची, डेंगा म्हणजे नांगी, अमावास्येला ती भरलेली आणि पुनवेला पोकळ कशी, कात टाकली की कशी लुसलुशीत होते आणि दगडाखाली दडते. शहरातून बदलून आलेले एक तरुण गुरुजी मोबाईल खिशात ठेवून ऐकत होते. वैशाली आडवीच. पण आता ती छताकडे बघत हसत होती.

गाठ मारली. दोरा तोडायला दात पुढे केले तर प्रांजल म्हणते, "आजी, पिल्लाला लागंल, कातरीनं काप." कात्रीनं कापला.

पुढचं नाटक लिहिलेलं नव्हतं. चिंबोरीनं विचारलं, "सांगा आता, मी कुठं जाऊ?" एरवी इथं गाणं होऊन संपतं. इथं पोरं बोलायला लागली. "आमच्या बांधावर ये." "आमच्या हिरीत." "शालेच्या टाकीत ये!" "टाकीत नको, पावडर टाकतात तिच्यात." "माझ्या आजीकडं नको जाऊ, ती खाते." एकेक जण येऊन झाकणाखाली हात घालून जायचा. मला वाटलं पिल्लांना हात लावून बघतायत. खिचडी करणाऱ्या बाई दोनदा येऊन गेल्या, "बाई, निवली ओ खिचडी," आणि तिसऱ्यांदा आल्या त्या पळी हातात धरून तिथंच बसल्या.

घरतसर

मुलं जेवायला गेली. वैशाली घामानं भिजलेली, घरतसरांपुढे उभी. ते बराच वेळ वहीच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत होते.

"तुम्हाला मी सांगितलं होतं, मुलं हलली नाही पाहिजेत."

"हो सर."

"सगळी हलली."

"हो सर."

"आमी लहानपणी पोतं भरून धरायचो," ते एकदम म्हणाले. "आता विसरलो होतो, मादीचं झाकण कसं ते. पोरींनी सांगितलं तवा आठवलं." मग खाकरून परत साहेब झाले. "अकरा शाळांचं आत्ता सांगत नाही. परीक्षेच्या आधी चार करा, मग बघू. आणि ते झाकण," माझ्याकडे वळून, "ते पक्कं शिवू नका. प्रत्येक शाळेत पोरांकडून काढून घ्या."

"मग नाटक लांबणार सर," फिरोज म्हणाला.

"लांबू द्या. माझी बैठक लांबत नाय का?"

दुपारी म्हात्रेबाईंच्या शेतावर पोपटी. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ-ओवा, खाली-वर भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं करून भोवती जाळ. बाकीच्यांच्या मडक्यात अंडीही, म्हणून माझं छोटं मडकं वेगळं. शेंग दातांत धरून ओढली की धुराचा आणि पाल्याचा वास एकदम येतो. आमच्या हुरड्याची आठवण झाली, पण हुरडा कोरडा, ही ओलसर. मडकी निवेपर्यंत वैशाली बांधावर लांब जाऊन फोनवर बोलत होती. परत आली.

"काय म्हणाले क्लासचे सर?"

"म्हणाले, शनिवारची वाट नाही बघितलीस. चार शाळांनंतर काय करशील?" ती शेंग सोलत म्हणाली. "मी म्हटलं, माहीत नाही सर."

मग चिंबोरी पोत्यात भरायला घेतली तर झाकणातून काहीतरी खळखळलं. मी हात घातला. खडूचे तुकडे, दोन वालाच्या शेंगा, पाच चिंचोके, अर्धा खोडरबर, ग्लुकोजचं बिस्कीट चुरा होऊन, एक निळी काचेची गोटी. पिल्लांसाठी.

निघताना ओटी भरायची तर खण कापलेला. नारळ आणि तांदूळ तेवढे पिशवीत होते. ते मी वैशालीच्या ओढणीत घातले आणि खणाच्या जागी हे सगळं घातलं, गोटीसकट. बिस्किटाचा चुरा मात्र तिनं तिथंच खाल्ला.

परत

येताना पोतं नव्हतं, शेजारच्या सीटवर एक बाई बसली आणि तिनं पुण्यापर्यंत सुनेबद्दल सांगितलं. घरी येऊन मी नव्या हिरव्या खणाची चार झाकणं कापून पोस्टानं पाठवली, नुसती कापलेली, प्रत्येकात सुई टोचून.

परवा वैशालीचा फोन आला. दुसरी शाळा झाली. तिथल्या पोरांना झाकण अजून मोठं हवं होतं, म्हणजे माझं कापलेलं पुन्हा वाया. मग म्हणाली, "मावशी, आज झाकणात दात निघाला."

"कसला दात?"

"दुधाचा. पहिलीतल्या कुणाचा तरी. वहीच्या कागदात गुंडाळलेला. आता याचं काय करू?"

आमच्याकडे दुधाचा दात कौलावर टाकतात, नवा चांगला यावा म्हणून. तेच सांगणार होते. पण मग वाटलं, ज्यानं दिला त्याला ते ठाऊक नसेल का? तरी त्यानं तो कौलावर न टाकता पिल्लांना दिला.

"राहू दे आतच," मी म्हटलं. "आणि माप नीट घेऊन पाठव. मी नवीन कापते."